टाके पिकले ते कुणामुळे? कुत्र्यांमधल्या जंतूचा माग जीनोम सिक्वेन्सिंगने कसा काढायचा, पायरी पायरीने

आमच्या कारेलीबागेत शेजारच्या काकूंच्या लॅब्राडॉरचं ऑपरेशन झालं आणि आठ दिवसांत टाके पिकले, सेफॅलेक्सिन हे अँटिबायोटिक चालू केलं तरी पू थांबेना, आणि पंधरा दिवसांनी कळलं की मांजलपूरच्या ओळखीतल्या एका कुत्रीचंही तसंच झालंय आणि दोघंही एकाच दवाखान्यातून आलेत. काकू म्हणाल्या, "हे गल्लीतल्या कुत्र्यांमुळेच, त्यांना आधी उचलून न्यायला पाहिजे." दवाखान्यातून सांगितलं की घरी जखम चाटली असेल. दोन्हीकडे नुसते अंदाज, पण त्यात गल्लीतली ती बिचारी कुत्री विनाकारण बदनाम झाली आणि मला ते फार लागलं.

मी इथे बडोद्यात मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये काम करते. त्यामुळे अशा वेळी नक्की काय करायचं हे सविस्तर लिहितेय, म्हणजे कुणी पेट क्लिनिक चालवणारे डॉक्टर, व्हेटरनरीचे विद्यार्थी किंवा शेल्टर सांभाळणारे लोक असतील तर त्यांना उपयोग होईल. एक गोष्ट आत्ताच सांगते कारण पुढे सगळं त्यावरच आहे: जीनोम सिक्वेन्सिंगचं मशीन, म्हणजे जंतूचा अख्खा डीएनए अक्षर अक्षर वाचणारं मशीन, फक्त एवढंच सांगतं की दोन कुत्र्यांमधले जंतू एकमेकांचे किती जवळचे नातेवाईक आहेत. ते कुठून कुठे गेले हे दवाखान्याच्या रजिस्टरमधून कळतं. रजिस्टर नीट नसेल तर सिक्वेन्सिंगचे पैसे पाण्यात गेले असं समजा.

याचं चांगलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. २०१६ ते २०१८ मध्ये तिथे दुकानातून घेतलेल्या पिल्लांमुळे माणसांना कॅम्पिलोबॅक्टर जेजुनीचे जुलाब लागले, १८ राज्यांत ११८ लोक. सिक्वेन्सिंगने दिसलं की माणसांमधला आणि पिल्लांमधला जंतू अगदी जवळचा आहे आणि नेहमीची अँटिबायोटिक्स त्याच्यावर चालत नाहीत. पण हा इतका चिवट जंतू पिल्लांमध्ये का टिकला याचा धागा कागदांमधून मिळाला: ज्या १४९ पिल्लांचे रेकॉर्ड तपासले त्यातल्या १४२ पिल्लांना आधीच अँटिबायोटिकचा एक तरी कोर्स दिलेला होता. हे जीनोममध्ये लिहिलेलं नसतं, ते फाइलमध्ये असतं.

आधी जंतू ओळखून घ्या

कुत्र्यांच्या कातडीवरचे फोड, कानाचं इन्फेक्शन, पिकलेले टाके, यात सगळ्यात जास्त सापडणारा जंतू म्हणजे स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस. २००५ मध्ये ही वेगळी जात म्हणून मांडली गेली, त्याआधी लॅबवाले त्याला इंटरमीडियस म्हणायचे, म्हणून जुन्या रिपोर्टवर ते नाव दिसलं तर गोंधळू नका. हा जंतू निरोगी कुत्र्याच्या नाकात, तोंडात आणि शेपटीखाली असतोच, कातडी किंवा जखम कमजोर झाली की त्रास देतो. त्याला मेक-ए नावाचा जीन मिळाला की पेनिसिलिन आणि सेफॅलेक्सिनच्या घराण्यातली जवळजवळ सगळी औषधं वाया जातात, आणि मग त्याला एमआरएसपी म्हणतात. मी खालचं सगळं एमआरएसपी धरून सांगतेय कारण हा एका रात्रीत प्लेटवर (जंतू वाढवायच्या थाळीत) वाढतो. लेप्टोस्पायरासारखा जंतू वाढवायला आठवडेच्या आठवडे जातात, आणि ब्रुसेला कॅनिसला तर साध्या लॅबमध्ये हातच लावू नका, तो माणसाला होतो.

पायरी १: प्रश्न एका वाक्यात लिहा आणि 'केस', म्हणजे या साथीतला पेशंट, कुणाला म्हणायचं ते ठरवा

"आमच्याकडे इन्फेक्शन पसरतंय का" हा प्रश्न नाही झाला. "१ एप्रिलपासून आमच्याकडे ऑपरेशन झालेल्या ज्या कुत्र्यांची जखम ३० दिवसांत पिकली आणि त्यात एमआरएसपी सापडला, ते सगळे एकाच स्ट्रेनचे (जंतूच्या एकाच वंशाचे) आहेत का" हा प्रश्न झाला. यात तारीख आली, जागा आली, जंतू आला. एकदा व्याख्या ठरली की मग आवडता पेशंट आत आणि भांडखोर मालकाचा पेशंट बाहेर असं करता येत नाही.

पायरी २: लाइन लिस्ट (सगळ्या पेशंटची एक यादी)

एक्सेलची साधी शीट चालते. प्रत्येक कुत्र्याला एक नंबर द्या, मालकाचं नाव आणि पत्ता वेगळ्या फाइलमध्ये कुलपात ठेवा. एका ओळीत एक कुत्रा, आणि कॉलममध्ये: प्रत्येक भेटीची तारीख आणि वेळ, कुठल्या टेबलवर ठेवला, केस कुणी कापले आणि कुठल्या मशीनने, ऑपरेशन कुणी केलं, त्या दिवशी त्याच्या आधी कोण होता आणि नंतर कोण, रात्री ठेवला असेल तर कुठला पिंजरा, घरात दुसरे कुत्रे मांजर आहेत का, ग्रूमिंग कुठे होतं, सुट्टीत बोर्डिंगला सोडला होता का, मागच्या सहा महिन्यांत कुठली अँटिबायोटिक्स किती दिवस दिली.

"त्याच्या आधी कोण होता" हा कॉलम लोक हमखास गाळतात, आणि तोच सगळ्यात कामाचा असतो. केस कापायची मशीन दिवसभर हातोहात फिरते, ब्लेड नुसतं ब्रशने झटकतात आणि पुढच्याला लावतात. कंपाउंडर भाईंना चहा पाजून शांतपणे विचारा, दोष द्यायला आलोय असा सूर लागला की कुणी खरं सांगत नाही. मी स्वतः बघितलंय की डॉक्टरांपेक्षा तिथे झाडू मारणाऱ्या बेनला जास्त माहीत असतं की कुठला पिंजरा कधी धुतला.

पायरी ३: परवानग्या

मालकाची सही असलेलं संमतीपत्र घ्या, मराठी किंवा गुजरातीत, त्यांना वाचता येईल असं. संशोधन म्हणून करत असाल तर संस्थेच्या प्राणी एथिक्स कमिटीकडे जा, आणि स्टाफच्या नाकाचे स्वॅब घेणार असाल तर माणसांच्या एथिक्स कमिटीची वेगळी परवानगी लागते. स्टाफचे रिपोर्ट मालकाच्या हातात पडणार नाहीत हे आधी लिहून द्या, नाहीतर कुणी नाक पुढे करणार नाही.

पायरी ४: सॅम्पल

कातडीवर ताजा फोड असेल तर निर्जंतुक सुईने फोडून आतला पू स्वॅबवर घ्या. सुकलेली खपली असेल तर ती उचलून खालून घ्या, वरून पुसलं तर वरचा कचराच येतो. टाके पिकले असतील तर बाहेर वाहणारा पू पुसून मग आतून घ्या, जमलं तर अँटिबायोटिक बदलायच्या आधी. नुसता वाहक आहे का (स्वतः आजारी नाही पण जंतू बाळगून आहे) हे बघायचं असेल तर नाक, तोंड आणि शेपटीखाली असे तीन स्वॅब, एका जागेवरून घेतलं तर बरेच वाहक हुकतात.

जागेचे सॅम्पलही तितकेच महत्त्वाचे. निर्जंतुक सलाइनमध्ये ओला केलेला स्वॅब घ्या आणि ऑपरेशनचं टेबल, वजनकाटा, केस कापायच्या मशीनचं ब्लेड, तोंडाची जाळी, पिंजऱ्याची कडी, स्टेथोस्कोप, रिसेप्शनचा फोन, सगळीकडून फिरवा. हे रोजची सफाई व्हायच्या आधी करा, आणि सांगून करू नका, कारण सांगितलं की त्या दिवशी सगळं लखलखीत असतं.

आता एक गोष्ट, जी राहिली तर सगळं काम लंगडं पडतं: बाहेरचे सॅम्पल. म्हणजे ज्यांचा या दवाखान्याशी काही संबंध नाही अशा कुत्र्यांमधला एमआरएसपी, गोत्रीच्या, वाघोडिया रोडच्या, फतेहगंजच्या वेगळ्या डॉक्टरांकडून. का? कारण काही स्ट्रेन सगळीकडेच पसरलेले असतात. गावात एकच स्ट्रेन घरोघरी फिरत असेल तर तुमच्या पाच पेशंटमध्ये तो सापडला यातून काहीच सिद्ध होत नाही. आणि हो, गल्लीतल्या कुत्र्यांवर संशय आहे ना, मग त्यांचेही स्वॅब घ्या, नुसतं बोलू नका.

स्वॅब एमीज ट्रान्सपोर्ट मीडियमच्या नळीत टाकायचे, नळीवर न पुसणाऱ्या पेनने नंबर, तारीख, जागा. आइसबॉक्समध्ये ठेवा पण बर्फाला चिकटून नको, मध्ये जाड कापड घाला, आणि शक्यतो २४ तासांत लॅबला पोचवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो आणि गाडीच्या डिकीत तर विचारूच नका, माझे एकदा आणंदला नेताना अख्खे सॅम्पल वाया गेले कारण टोल नाक्याच्या गर्दीत बॉक्स मागच्या सीटवर उन्हात राहिला, तेव्हापासून मी सकाळी सहालाच निघते. आणंदला व्हेटरनरी कॉलेज आहे, सिक्वेन्सिंगसाठी गांधीनगरला गुजरात बायोटेक्नॉलॉजी रिसर्च सेंटर आहे, म्हणजे बडोदेकरांना फार लांब जायला नको, पण फोन करून, तारीख घेऊन, त्यांचा फॉर्म भरूनच जा.

पायरी ५: प्लेटवर वाढवणं

मेंढीच्या रक्ताच्या ब्लड अगारवर ३५ ते ३७ डिग्रीला एक रात्र. पांढरट करड्या वसाहती (जंतूंचे ठिपके) आणि भोवती दुहेरी वलय दिसतं. कोअॅग्युलेज टेस्ट पॉझिटिव्ह येते, आणि इथेच माणसांच्या लॅबमध्ये याला बऱ्याचदा स्टॅफ ऑरियस समजतात, म्हणून मॅल्डी-टॉफ (प्रथिनांवरून जंतू ओळखणारं मशीन) किंवा पीसीआरने पक्कं करा. वाहकांचे आणि जागेचे स्वॅब थेट प्लेटवर न लावता आधी मिठाच्या ब्रॉथमध्ये एक रात्र ठेवा, थोडे जंतू असले तरी वाढून दिसतात.

मेथिसिलिन रेझिस्टन्ससाठी, म्हणजे हा एमआरएसपीच आहे का बघायला, ऑक्सासिलिनची डिस्क (औषध लावलेली कागदी चकती) लावा, सेफॉक्सिटिनची नको. ऑरियसला सेफॉक्सिटिन बरोबर असतं पण या जंतूत ते रेझिस्टंटला सेन्सिटिव्ह दाखवू शकतं, आणि मग तुमची खरी केस लिस्टमधून गळते. माणसांच्या लॅबमध्ये सवयीने सेफॉक्सिटिनच लावतात, तेव्हा स्वतः उभं राहून सांगा.

एका प्लेटवरून एकच वसाहत उचलायचा मोह होतो. निदान तीन उचला, जमलं तर पाच. एका कुत्र्यात दोन वेगळे स्ट्रेन असू शकतात, आणि एकाच स्ट्रेनचीही थोडी थोडी वेगळी पोरं असतात. प्रत्येक वसाहत पुन्हा एकदा नव्या प्लेटवर रेघ मारून शुद्ध करा, मग २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० ला दोन नळ्या.

पायरी ६: डीएनए

स्टॅफची भिंत जाड असते, साध्या किटने ती फुटत नाही आणि डीएनए इतका कमी येतो की लोक किटला शिव्या देतात. लायसोस्टॅफिन आणि लायसोझाइम घालून ३७ डिग्रीला अर्धा ते एक तास ठेवा, मग किटची पुढची पद्धत. शॉर्ट-रीड सिक्वेन्सिंग (डीएनएचे छोटे तुकडे वाचणारं) करणार असाल तर मणी घालून हलवलं तरी चालतं, नॅनोपोर (लांब धागे वाचणारं) करणार असाल तर नको, लांब धागे तुटतात. मोजायला क्यूबिट वापरा, नॅनोड्रॉपवर आरएनएसुद्धा मोजला जातो आणि आकडा फुगतो. २६०/२८० चा रेशो १.८ च्या आसपास हवा.

पायरी ७: सिक्वेन्सिंगची ऑर्डर

या जंतूचा जीनोम साधारण २६ ते २८ लाख अक्षरांचा. प्रत्येक अक्षर निदान ५० वेळा वाचलं जावं असं धरलं तर एका आयसोलेटला (म्हणजे शुद्ध केलेल्या एका वसाहतीला) १४ कोटी अक्षरं लागतात, १०० वेळा म्हटलं तर २८ कोटी. लॅबशी बोलताना "प्रति सॅम्पल किती डेटा" हाच प्रश्न विचारा आणि लेखी घ्या. इल्युमिनाचे १५० अक्षरांचे जोडीने वाचलेले तुकडे या कामाला उत्तम आणि अचूक. सोबत तुमच्या पहिल्या केसचा एकच आयसोलेट नॅनोपोरवरही करून घ्या, म्हणजे त्याचा अख्खा जीनोम एका गोलात जुळतो आणि पुढे तोच रेफरन्स म्हणून, म्हणजे बाकीचे ज्याच्याशी ताडायचे तो नमुना म्हणून, वापरता येतो. हा खर्च वाचवू नका.

आणि एक आयसोलेट दोनदा पाठवा, वेगवेगळ्या नंबरने, लॅबला न सांगता. दोघांमध्ये शून्य फरक यायला हवा. तीन चार फरक आले तर समजायचं की तुमच्या पद्धतीतच तेवढी चूक होतेय, आणि मग दोन कुत्र्यांमधल्या तीन फरकांवर गोष्ट रचायची नाही.

पायरी ८: डेटा आल्यावर

लिनक्स येत नसेल तर घाबरू नका, गॅलेक्सी नावाच्या फुकट वेब प्लॅटफॉर्मवर यातलं बहुतेक सगळं ब्राउझरमधून होतं. आधी फास्टक्यूसीने क्वालिटी बघा, फास्टपीने खराब टोकं कापा, क्राकेन चालवून बघा की यात दुसराच जंतू मिसळला नाही ना. मग शोव्हिल किंवा स्पेड्सने वाचलेले तुकडे जुळवून जीनोम बनवा. जुळलेला जीनोम ३४ लाखांचा आला तर काहीतरी मिसळलंय, तो आयसोलेट बाजूला काढा आणि ग्लिसरॉलच्या नळीतून पुन्हा सुरुवात करा. इथे दया दाखवायची नाही.

मग टाइपिंग. या जंतूसाठी सात जीनवरून प्रकार ठरवणारी एमएलएसटी स्कीम पबएमएलएसटी या वेबसाइटवर आहे, त्यातून एसटी, म्हणजे प्रकाराचा नंबर, मिळतो. युरोपात एसटी ७१ आणि उत्तर अमेरिकेत एसटी ६८ हे खूप काळ गाजले. एएमआरफाइंडरप्लसने मेक-ए आणि बाकीचे रेझिस्टन्स जीन शोधा आणि डिस्कच्या निकालाशी ताडून बघा. डिस्क रेझिस्टंट म्हणते आणि जीन सापडत नाही, असं झालं तर नळ्यांची अदलाबदल झाली नाही ना हे तपासा.

एसटी जुळला म्हणजे संबंध सिद्ध झाला असं अजिबात नाही. आडनाव जुळलं म्हणून सगळे गायकवाड राजवाड्यातले नसतात तसंच हे.

पायरी ९: एकेका अक्षराचा फरक मोजणं

खरं काम इथे आहे म्हणून जरा थांबून सांगते. एकाच एसटीचे आयसोलेट एकत्र घ्या, तुमचा नॅनोपोरवाला जीनोम रेफरन्स म्हणून द्या आणि स्निपी चालवा. ते प्रत्येक आयसोलेटमध्ये कुठलं अक्षर बदललंय ते सांगतं, त्या फरकांना स्निप म्हणतात. लोक पटकन इंटरनेटवरचा ईडी९९ चा जीनोम रेफरन्स घेतात, तो २०११ चा जुना आणि चांगला जीनोम आहे, पण तुमचा स्ट्रेन त्याच्यापासून लांब असेल तर बराच भाग जुळतच नाही आणि तिथले फरक दिसत नाहीत.

मग गबिन्स, हा प्रोग्रॅम उसने आलेले तुकडे शोधतो. जंतू एकमेकांकडून डीएनएचे तुकडे उचलतात आणि तसा एक तुकडा आला की एका झटक्यात साठ सत्तर फरक दिसतात. ते फरक पिढ्यानपिढ्या साठलेले नसतात, एकाच घटनेचे असतात. ते काढले नाहीत तर सख्खे भाऊ लांबचे दिसतात. फेजचे (जंतूंना लागणाऱ्या व्हायरसचे) भाग आणि मेक-ए ज्या कॅसेटमध्ये असतो ती कॅसेटही झाका. मग स्निप-डिस्ट्सने फरकांचं कोष्टक आणि आयक्यू-ट्रीने जंतूंच्या नात्याचं झाड.

किती फरक म्हणजे जवळचे? एकच जादूचा आकडा मागू नका. अंदाज येण्यासाठी सांगते: याचा चुलतभाऊ स्टॅफ ऑरियस, त्यात अख्ख्या जीनोममध्ये वर्षाला साधारण ८ फरक साठतात. आणि हे दोन्ही फांद्यांवर साठतात, म्हणजे एकाच पूर्वजापासून निघून दोन कुत्र्यांमध्ये एक वर्ष राहिलेल्या जंतूंत सोळाच्या आसपास फरक असू शकतो. त्यामुळे दोन महिन्यांच्या साथीत ० ते ५ फरक आले तर जवळचा संबंध शक्य, दीडशे आले तर या साथीत तरी संबंध नाही.

समजा असं चित्र आलं, हे मी समजावायला बनवलेलं आहे: टाके पिकलेले पाच कुत्रे आपसात ० ते ५ फरकांवर, केस कापायच्या मशीनच्या ब्लेडवरचा आयसोलेट त्यांच्यापासून १ ते ३ वर, कातडीच्या फोडांचे दोन कुत्रे त्याच एसटीचे पण १५० फरक लांब, आणि गल्लीतल्या कुत्र्याचा एसटीच वेगळा आणि मेक-ए नाहीच. मग पाच जणांची साखळी आहे, ब्लेड त्या साखळीत आहे, फोडवाले दोघं बाहेरून आपापले आलेत, आणि गल्लीतल्या ज्या कुत्र्याचा स्वॅब घेतला त्याचा या साखळीशी संबंध नाही.

पण "ब्लेडमुळे झालं" असं लगेच लिहू नका. ब्लेडवर जंतू पहिल्या कुत्र्याकडून आलेला असू शकतो, आणि बाकीच्यांना एखाद्या माणसाच्या हातातून गेलेला असू शकतो, ज्याचा स्वॅब आपण घेतलाच नाही. झाडावरून दिशा कळत नाही. आता लाइन लिस्ट उघडा: पाचही जणांचे केस त्याच मशीनने कापले का, कुठल्या क्रमाने, आणि त्याच टेबलवर त्याच दिवसांत ऑपरेशन होऊनही ज्यांचे केस दुसऱ्या मशीनने कापले ते बरे राहिले का? हे बरे राहिलेले कुत्रे फार महत्त्वाचे असतात आणि त्यांची नोंद कुणीच ठेवत नाही, म्हणून लाइन लिस्टमध्ये त्यांनाही पहिल्या दिवसापासून घाला. झाड आणि तारखा एकत्र नकाशावर बघायच्या असतील तर मायक्रोरिअॅक्ट वापरा, पण घराचा अचूक ठिपका टाकू नका, एरिया पुरे.

पायरी १०: करायचं काय

निकालाची वाट बघत बसू नका, सफाई पहिल्या दिवसापासून सुरू करा, फक्त जागेचे सॅम्पल घेऊन झाल्यावर. प्रत्येक कुत्र्यानंतर ब्लेड काढून आधी केस आणि तेल धुवायचं आणि मग डिसइन्फेक्टंटमध्ये ठेवायचं, घाणीवर ओतलेलं ब्लीच काम करत नाही. दोन तीन जादा ब्लेड घ्या म्हणजे घाई होत नाही. हात धुणं किंवा अल्कोहोल रब, प्रत्येक पेशंटच्या आधी आणि नंतर. एमआरएसपीवाल्या कुत्र्याला दिवसाची शेवटची अपॉइंटमेंट द्या आणि वेटिंगमध्ये बसवू नका. चादरी ६० डिग्रीच्या पाण्यात.

उपचाराबद्दल एवढंच की कातडीच्या वरवरच्या इन्फेक्शनला क्लोरहेक्सिडिनच्या शॅम्पूने बऱ्याचदा भागतं, आणि व्हॅन्कोमायसिन, लिनेझोलिड ही माणसांची राखीव औषधं कुत्र्यांना देऊ नयेत. मालकांना सांगताना घाबरवू नका, हा जंतू माणसाला क्वचित होतो, पण घरात कुणी केमो घेत असेल किंवा उघडी जखम असेल तर हात धुवा आणि जखम चाटू देऊ नका हे स्पष्ट सांगा. या कारणासाठी कुणी कुत्रा सोडून देत असेल तर त्यांच्याशी स्वतः बोला, फोनवर नाही, घरी जाऊन.

सहा आठवड्यांनी तेच टेबल, तेच ब्लेड, त्याच कड्या, पुन्हा स्वॅब. आधीचाच स्ट्रेन दोन तीन फरकांनी पुढे सरकून सापडला तर तो अजून इमारतीत आहे, नवाच स्ट्रेन आला तर जुनी साखळी तुटली असण्याची शक्यता जास्त. कच्चा डेटा फरिदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमध्ये किंवा एनसीबीआयच्या एसआरएमध्ये टाका, सोबत तारीख, शहर, "कुत्रा", जखमेची जागा, आणि मालकाचं काहीही नाही. लाइन लिस्टची एक छापील प्रत ग्लिसरॉलच्या नळ्यांचे नंबर लिहून लॅबच्या फाइलमध्ये लावा, कारण पुढच्या वर्षी पुन्हा कुणाचे टाके पिकले तर पहिल्यांदा तीच फाइल उघडावी लागणार आहे.